एका वजाबाकीची गोष्ट

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं ओढ्यानाल्यांना पूर आला आणि तलासरीकडील पाड्यांवरून पायीं येणारीं मुलें शाळेंत पोहोंचूं शकलीं नाहींत. अर्ध्या वर्गास नवा धडा शिकवावा तर उरलेल्या अर्ध्याचें नुकसान; म्हणून आम्हीं धडा बाजूस ठेवला आणि इयत्ता सहावीच्या मुलांस अंकांचा एक खेळ फळ्यावर मांडून दाखविला. तास संपला तसा खेळही संपला, असें आम्ही समजलों. परंतु बोर्डिंगांत राहणाऱ्या एका मुलाच्या मनांत तो संपला नव्हता. ही गोष्ट वेळींच आमच्या ध्यानांत आली नाहीं, आणि त्यापायीं त्या मुलाची शाळा सुटण्याची वेळ आली. त्यांत चूक आमची होती. ती चूक, तो खेळ आणि त्या खेळाचा शोध लावणारे डहाणूस जन्मलेले गणिती, या तिहींविषयीं प्रस्तुत लेखांत लिहावयाचें आहे. विद्यार्थ्यांनीं हा लेख पाटी किंवा कोरा कागद जवळ घेऊन वाचावा. पालकांनींही तसें केल्यास त्यांचा वेळ फुकट जाणार नाहीं.

खेळाची रीत

चार अंकांची कोणतीही एक संख्या मनांत धरावी. तिचे चारही अंक एकसारखे नसावे, एवढीच अट. त्या अंकांची मांडणी दोन प्रकारें करावी. प्रथम मोठ्या अंकापासून लहान अंकाकडे जावें, म्हणजे त्या अंकांची होऊं शकणारी मोठ्यांत मोठी संख्या मिळते. मग लहानापासून मोठ्याकडे जावें, म्हणजे लहानांत लहान संख्या मिळते. मोठ्या संख्येंतून लहान संख्या वजा करावी. जी बाकी उरेल तिच्या अंकांवर पुन्हां हीच क्रिया करावी, आणि जी नवी बाकी येईल तिच्यावर पुन्हां हीच.

उदाहरणासाठीं आम्ही १९०५ ही संख्या घेतों. हीच कां घेतली, तें पुढें कळेल. तिचे अंक ९, ५, १ आणि ० असे आहेत.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

सातव्या वजाबाकीस ६१७४ ही संख्या आली. आतां आणखी एक पाऊल पुढें जाऊन पाहावें. ६१७४ चे अंक मांडले म्हणजे ७६४१ व १४६७ या संख्या मिळतात, आणि त्यांची वजाबाकी पुन्हां ६१७४ च येते. वाट येथें संपली.

कोणी म्हणेल, हा योगायोग असावा. तर त्यानें दुसरी संख्या घ्यावी. १९४६ घेतली तर क्रमानें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ अशा बाक्या येतात. सहा पावलांत तेंच घर. ३५२४ घेतली तर तीनच पावलें पुरतात : ३०८७, ८३५२, ६१७४. फार काय, १००० पासून ९९९९ पर्यंतच्या ९,००० संख्यांतून ११११, २२२२ अशा एकसारख्या अंकांच्या ९ संख्या वगळल्या, तर उरलेल्या ८,९९१ संख्यांपैकीं प्रत्येक संख्या अखेरीस ६१७४ येथें येऊन थांबते, आणि कोणत्याही संख्येस सातांहून अधिक पावलें लागत नाहींत.

एका गोष्टीची मात्र सावधगिरी बाळगावी लागते. त्या दिवशीं वर्गांत एका मुलीनें १००० ही संख्या घेतली. १००० मधून १ वजा केला, ९९९ उरले; त्याचे अंक कसेही मांडले तरी ९९९ च; वजाबाकी केली, तों शून्य! ती उभी राहून म्हणाली, "सर, माझी संख्या मेली!" सारा वर्ग हंसला. परंतु तिच्या संख्येस तिनेंच मारलें होतें. बाकी ९९९ लिहिली खरी, पण खेळ चार अंकांचा आहे, म्हणून ती ०९९९ अशी लिहावयास हवी होती. पुढें शून्य ठेवतांच संख्या जिवंत झाली : ९९९० − ०९९९ = ८९९१; पुढें ८०८२, मग ८५३२, आणि पांचव्या पावलास ६१७४. शून्याला किंमत नाहीं असें आपण बोलतांना म्हणतों. तें आपली जागा धरून बसलें नाहीं तर काय होतें, हें त्या मुलीस आतां जन्मभर विसरावयाचें नाहीं.

आमची चूक

ज्या मुलाची गोष्ट सांगावयाची तो तलासरीकडील एका पाड्यावरचा. गणितांत तो कच्चा, आणि त्यांतही वजाबाकींत फार कच्चा. हातचा घेण्याचा प्रसंग आला कीं तो गोंधळे. कधीं हातचा घेई पण पुढच्या घरांतून तो कमी करावयाचें विसरे, कधीं वरचा अंक लहान दिसतांच खालच्या अंकांतून वरचा वजा करून मोकळा होई. आम्हीं त्याच्या वहींत लाल शाईनें पुष्कळ फुल्या मारल्या. त्यांचा परिणाम इतकाच झाला कीं तो वही दाखविण्याचें टाळूं लागला.

सहामाही परीक्षेपूर्वीं वह्या तपासतांना आम्हांस दिसलें कीं, त्याच्या गणिताच्या वहीचीं शेवटचीं दहाबारा पानें अंकांनीं गच्च भरलेलीं आहेत. गृहपाठाचा त्यांत एकही प्रश्न नव्हता. वह्यांचा ढीग मोठा होता व वेळ थोडा. आम्हीं तीं पानें वाचलीं नाहींत, नुसतीं पाहिलीं. प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिला : "गणितांत लक्ष नाहीं. वही वाया घालवितो."

हा शेरा बोर्डिंगांतून घरीं गेला, आणि दिवाळीच्या सुटीपूर्वीं मुलाचे वडील शाळेंत आले. ते वर्षाचे कांहीं महिने चिकूच्या वाडींत कामास असतात आणि दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर जातात. त्यांस वाचतां येत नाहीं. शेरा कोणाकडून तरी वाचवून घेतला होता. ते रागावलेले नव्हते. फार शांतपणें म्हणाले, "सर, तुम्ही म्हणतां शिकण्यांत याचें लक्ष नाहीं. मग येथें ठेवून काय करूं? आमच्याबरोबर भट्टीवर येऊं दे. दोन हात वाढतील."

मुलगा बापामागें मान खालीं घालून उभा होता. आमचा शेरा खरा आहे हें दाखविण्यासाठींच आम्हीं त्याची वही मागितली आणि तीं शेवटचीं पानें उघडलीं. त्या वेळीं प्रथमच आम्हीं तीं वाचलीं.

पानापानावर वजाबाक्याच वजाबाक्या होत्या. पहिल्या पानावरच्या बहुतेक चुकलेल्या. परंतु चुकलेल्या प्रत्येक वजाबाकीवर त्यानें स्वतःच पेन्सिलीनें काट मारली होती आणि तीच वजाबाकी शेजारीं पुन्हां केली होती. दुसऱ्यातिसऱ्या पानावर काटा कमी झाल्या. सहाव्या पानापासून पुढें काट शोधावी लागत होती. आम्हीं त्यास विचारलें, "यांतल्या चुका तुला कोणीं दाखविल्या?"

तो म्हणाला, "कोणीं नाहीं सर. ६१७४ आली नाहीं, म्हणजे मीच कोठें तरी चुकलों."

आमच्या लाल शाईनें जें झालें नाहीं तें एका संख्येनें केलें होतें. ती रागावत नव्हती, गुण कापत नव्हती. फक्त चूक असेपर्यंत दार उघडत नव्हती. आणि मुलानें आणखी एक गोष्ट हेरली होती. प्रत्येक बाकीच्या अंकांची बेरीज तो समासांत मांडीत असे. ती ९, १८ किंवा २७ आली नाहीं तर त्याच पावलांत चूक आहे, असें तो समजे. वाचक वरील उदाहरण तपासून पाहोत : ९३५१ च्या अंकांची बेरीज १८, ३९९६ ची २७, ६१७४ ची १८. जुन्या पिढीचे हिशेबनीस ज्यास नवाचा ताळा म्हणत, तोच हा. कोणत्याही संख्येस ९ नें भागून उरणारी बाकी तिच्या अंकांच्या बेरजेवरून कळते; अंकांची नुसती जागा बदलली तर बेरीज बदलत नाहीं; म्हणून त्याच अंकांच्या दोन संख्यांच्या वजाबाकीस ९ नें निःशेष भाग जातो. हें कारण त्या मुलास ठाऊक नव्हतें. नियम मात्र त्यानें आपला आपण शोधला होता.

वडिलांस हें सारें समजावून सांगतांना आमचा आवाज थोडा नरमला होता. त्यांनीं एकच प्रश्न विचारला : "म्हणजे हा स्वतःची चूक स्वतः धरतो?" आम्ही म्हणालों, "होय." ते कांहीं वेळ गप्प राहिले. भट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशेबानें मिळते. दिवाळीपूर्वीं उचल घेतलेली असते. आणि विटांचा व उचलीचा हिशेब दुसऱ्याच्या वहींत असतो. हिशेबांतली चूक धरतां येणें म्हणजे काय, हें त्या गृहस्थास आमच्यापेक्षां अधिक चांगलें कळत होतें. ते उठले, मुलाच्या पाठीवर हात ठेवला, आणि म्हणाले, "राहूं दे येथेंच." आम्हीं प्रगतिपुस्तकांतील शेरा त्यांच्यासमक्ष खोडला.

मधला अंक ९ कां?

त्याच वहींत पुढें तीन अंकी संख्यांचा खेळ मांडला होता. चार अंकांचें घर ६१७४, तर तीन अंकांचें घर कोणतें, हें त्यानें स्वतःच शोधावयास घेतलें होतें आणि ४९५ हें उत्तर त्यास सांपडलें होतें. त्याखालीं एक प्रश्न लिहिला होता : "मधला अंक नेहमीं ९ कां येतो?" हा प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचें उत्तर सहावीच्या विद्यार्थ्यास पूर्णपणें समजण्यासारखें आहे.

८५२ घ्या. ८५२ मधून २५८ वजा करावयाचे. एककाच्या घरांत २ मधून ८ जात नाहींत. हातचा घेतला, १२ मधून ८ गेले, ४ उरले. दशकाच्या घरांत वर ५ होते. एक दिल्यामुळें ४ राहिले. खालीं मात्र ५ च आहेत, कारण मधला अंक दोन्ही मांडण्यांत मधेंच राहतो. ४ मधून ५ जात नाहींत, पुन्हां हातचा, १४ मधून ५ गेले, ९ उरले. शतकाच्या घरांत ७ मधून २ गेले, ५ उरले. बाकी ५९४. मधला अंक कोणताही असो, त्यांतून एक जातो आणि मग तोच अंक वजा करावा लागतो. म्हणून तेथें ९ येण्यावांचून गत्यंतर नाहीं. ज्या हातच्यानें या मुलास दोन वर्षें रडविलें, त्याच हातच्यानें त्याच्या प्रश्नाचें उत्तर दिलें!

आतां एक पाऊल पुढें जाऊं. मोठा अंक अ, मधला ब आणि लहान क मानला, तर मोठी संख्या १००अ + १०ब + क, आणि लहान संख्या १००क + १०ब + अ. वजाबाकी केली म्हणजे ब नाहींसा होतो आणि ९९ × (अ − क) उरते. अ व क यांतील फरक १ पासून ९ पर्यंतच असूं शकतो. म्हणून पहिल्या पावलानंतर बाकी केवळ नऊ प्रकारची येऊं शकते : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. या नऊंची पुढची वाट तपासली कीं काम झालें :

०९९ → ८९१
१९८ किंवा ८९१ → ७९२
२९७ किंवा ७९२ → ६९३
३९६ किंवा ६९३ → ५९४
४९५ किंवा ५९४ → ४९५

जिन्याच्या पायऱ्या उतराव्या तशा साऱ्या संख्या उतरत उतरत ४९५ वर येतात. अधिकांत अधिक पावलें सहा लागतात. ही सिद्धता झाली. शंभर संख्या करून पाहणें निराळें, आणि सर्व संख्यांचें असें कां होतें हें दाखविणें निराळें. पहिल्यानें खात्री वाटूं लागते, दुसऱ्यानें ती पटते.

चार अंकांच्या बाबतींतही युक्ति हीच. अंक उतरत्या क्रमानें अ, ब, क, ड मानले तर वजाबाकी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतकी येते. म्हणजे मूळ संख्येशीं आपणांस कर्तव्य नाहीं. दोन फरक ठाऊक असले कीं पुरे. पहिला फरक १ ते ९, आणि दुसरा पहिल्याहून मोठा असूं शकत नाहीं. अशा जोड्या मोजल्या तर अवघ्या ५४ भरतात. ८,९९१ संख्यांचें ओझें ५४ वर आलें! वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं या ५४ जोड्यांचा तक्ता एका रविवारीं करून पाहावा.

डहाणूस जन्मलेले गणिती

मुलानें जातां जातां विचारलें, "सर, ही संख्या पहिल्यानें कोणास सांपडली?" याचें उत्तर त्यास दूर कोठें शोधावयाचें नव्हतें. ६१७४ चा शोध लावणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं आमच्या डहाणूसच झाला. तेव्हां डहाणू ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत आहे. वर उदाहरणास १९०५ ही संख्या कां घेतली तें आतां उमगेल. तिला अधिकांत अधिक, म्हणजे सात पावलें लागतात, ही मौज आम्हांसही गणित मांडून पाहिल्यावरच कळली.

कापरेकर आठ वर्षांचे असतांना त्यांची आई वारली. वडील कारकून होते आणि त्यांस फलज्योतिषाचा नाद होता. त्यामुळें आकडेमोड मुलाच्या कानांवरून व डोळ्यांखालून लहानपणापासूनच जात होती. कोडीं सोडविण्यांत तो तासन् तास रमे. त्यांचें माध्यमिक शिक्षण ठाण्यास झालें. १९२३ सालीं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गेले. १९२७ सालीं त्यांस स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळालें. १९२९ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. पदवी मिळाली. याहून वरची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथें शाळामास्तर होते.

१९४६ सालीं त्यांस ६१७४ चा हा गुण सांपडला. १९४९ सालीं मद्रास येथील गणित परिषदेंत त्यांनीं तो मांडला, आणि पुढें तो अमेरिकेंतील 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या त्रैमासिकांत छापून आला. आज जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. परंतु हें एकाएकीं घडलें नाहीं. मोठमोठ्या गणितींपैकीं कित्येकांस अंकांचे हे खेळ क्षुल्लक वाटत. कापरेकर मात्र आपले निबंध लहानसहान नियतकालिकांतून प्रसिद्ध करीत, स्वतःच्या पुस्तिका छापवून घेत, आणि शाळेचें काम संभाळून अंकांच्या संगतींत राहत. मार्च १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांतील आपल्या सदरांत त्यांच्या संख्यांविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव सर्वत्र झालें. त्या वेळीं कापरेकर सत्तरीस पोहोंचले होते. १९८६ सालीं देवळाली येथें ते निवर्तले.

त्यांनीं अंकांचे आणखीही कित्येक गुण शोधले. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून मिळविले कीं पुन्हां ४५. अशा संख्यांस कापरेकर संख्या म्हणतात. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो, जसें १८ ला ९ नें, तिला त्यांनीं हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असें नांव ठेवलें. १, १२१, १२३२१ या ओळीशीं निगडित अशा संख्यांची कल्पना त्यांस रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर सुचली, म्हणून त्या स्थानकाच्या नांवावरून त्यांस डेमलो संख्या हें नांव पडलें. वाचकांनीं १, ११ आणि १११ यांचे वर्ग करून ही ओळ पाहावी.

देवळालीच्या नांवानेंही एक प्रकार प्रसिद्ध आहे. कोणतीही संख्या घेऊन तींत तिच्या अंकांची बेरीज मिळवावी : २३ मध्यें ५ मिळविले कीं २८, त्यांत १० मिळविले कीं ३८, त्यांत ११ मिळविले कीं ४९. येथें २३ ही २८ ची जनक झाली. परंतु कांहीं संख्यांस जनकच नसतो. २० ही तशी संख्या आहे. १४ मध्यें त्याच्या अंकांची बेरीज मिळविली तर १९ होतात, १५ मध्यें मिळविली तर २१. मधली २० कोणासच सांपडत नाहीं. अशा संख्यांस देवळाली संख्या म्हणतात. त्यांस स्वयंभू म्हटलें तरी शोभेल. ज्या गांवीं हा मास्तर बत्तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहिला, त्या गांवाचें नांव अशा रीतीनें गणितांत कायमचें राहिलें.

पालकांस दोन शब्द

पालक आम्हांस विचारतात, या खेळाचे परीक्षेंत किती गुण? खरें उत्तर असें कीं, एकही नाहीं. तथापि त्या मुलानें चार महिन्यांत ज्या शेंकडों वजाबाक्या केल्या, तितक्या आम्हीं गृहपाठांत घातल्या असत्या तर त्यानें त्या केल्या नसत्या. केल्या असत्या तर रडत केल्या असत्या. सहामाहींत वजाबाकीचे त्याचे सर्व प्रश्न बरोबर आले.

या खेळास खर्च नाहीं. पाटी, जुन्या वहीचें पान, नाहीं तर अंगणांतील माती पुरते. याच डहाणू तालुक्यांतील कोसबाड येथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बालशिक्षणाचें जें काम केलें, त्यांत पानें, बिया, खडे, शिंपले अशा परिसरांत मिळणाऱ्या वस्तूच मुलांच्या हातीं दिल्या. १९४५ सालीं बोर्डी येथें आरंभलेलें आणि १९५७ सालीं कोसबाडास नेलेलें तें काम हेंच सांगतें कीं, शिकण्याचें साहित्य आपल्या दारांत असतें.

आणखी एक विनंति. मूल वहीच्या मागच्या पानावर कांहीं खरडतांना दिसलें तर रागावण्यापूर्वीं तें वाचावें. वाचतां येत नसेल तर मुलास विचारावें, "हें काय केलेंस, मला सांग." हा उपदेश आम्ही पालकांस करीत आहों खरा, परंतु तो प्रथम आम्हांस लागू होता, आणि आम्हांस तो फार उशिरां सुचला.

अभ्यासासाठीं

१. आपला पालघर जिल्हा २०१४ सालीं झाला. या संख्येस ६१७४ पर्यंत जाण्यास किती पावलें लागतात? आपल्या जन्मसालाचीही वाट काढा.

२. २११ पासून ४९५ पर्यंतची वाट लिहा. ती सहा पावलांची कां झाली, तें वरील तक्त्यावरून सांगा.

३. दोन अंकी संख्येवर हाच खेळ खेळा. शून्य टाकूं नका. ९ आले तर ०९ लिहा. तेथें एकच घर नाहीं, पांच संख्यांचें एक वर्तुळ आहे. तें शोधा.

४. ५५, ९९, २९७ आणि ७०३ या कापरेकर संख्या आहेत, हें वर्ग करून पडताळून पाहा.

५. १ पासून ५० पर्यंतच्या देवळाली संख्या शोधा. त्या आठ आहेत.

६. पांच अंकी संख्यांचें काय होतें?

शेवटचा प्रश्न आमचा नव्हे. तो त्या मुलाचा आहे. त्याचे आईवडील भट्टीवर गेले, तो बोर्डिंगांत राहिला, आणि नाताळापासून तो पांच अंकांच्या मागें लागला आहे. त्याची नवी वही मागच्या बाजूनें निम्मी भरली आहे. या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे. परंतु तें आम्हीं त्यास सांगितलेलें नाहीं, आणि येथेंही लिहीत नाहीं.